परसातल्या तलावाचा हिवाळा

थंडी आली, आता चार-पाच महिने कुणी पोहणार नाही, तर तलावातलं पाणी सोडून द्यावं, तळ घासून घ्यावा आणि उन्हाळ्यात पुन्हा भरावा. गच्चीवरची टाकी धुवायची सवय असलेल्या कुणालाही हेच सुचेल. न्यू जर्सीत, ओहायोत किंवा टोरांटोच्या उपनगरात परसात स्विमिंग पूल असलेलं घर पहिल्यांदाच घेतलेल्या माणसालाही बहुधा हेच सुचतं. अशा घरमालकांत आता मराठी आडनावंही बरीच दिसतात. पण तिथे मुरलेला शेजारी हा बेत ऐकला की आधी थांबवतो. हिवाळ्यात तलावाचं जास्तीत जास्त वाटोळं करायचं असेल, तर तो रिकामा करण्यासारखा दुसरा उपाय नाही.

कारण जमिनीखाली आहे. शरद ऋतूतला पाऊस आणि अधूनमधून वितळणारा बर्फ जमिनीत मुरतो आणि भूजलाची पातळी वर येते. तलावाचं काँक्रीटचं पात्र त्या ओल्या मातीत रुतलेलं असतं. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव धरू. त्यात ७५,००० लिटर, म्हणजे ७५ टन पाणी मावतं. आता हे पाणी सोडून दिलं आणि बाहेरचं भूजल तळापेक्षा एकच मीटर वर असलं, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून एक टनाचा रेटा बसतो. पन्नास चौरस मीटरला पन्नास टन. पंधरा सेंटिमीटर जाडीचा तळ आणि तेवढ्याच जाडीच्या भिंती यांचं सगळं वजन धरलं तरी ते पस्तीस टनांच्या आत राहतं. पुढचं गणित आर्किमिडीजने करून ठेवलेलंच आहे. पात्र वर उचललं जातं, कधी एका बाजूने दोन-चार इंच, तर कधी पूर्ण तलावच अंगणाच्या वर डोकं काढतो. फायबरग्लासचं पात्र तर काँक्रीटपेक्षा कितीतरी हलकं, ते त्याहून लवकर उठतं. एकदा उठलेला तलाव पुन्हा जागेवर बसत नाही, कारण खालच्या पोकळीत तोवर माती आणि खडी सरकलेली असते. चांगले बांधकामवाले तळाशी एक झडप बसवतात. बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि भूजलाला आत येऊ देते. पण ही झडप खडीने, गाळाने तुंबू शकते, आणि तिची परीक्षा नेमकी तलाव रिकामा असतानाच होते. फ्लोरिडात चक्रीवादळाआधी घाबरून तलाव रिकामा करू नका, असं लोकांना सांगतात, तेही याच कारणाने.

ज्या तलावांना काँक्रीटऐवजी व्हिनाइलचं अस्तर असतं, त्यांची गोष्ट आणखी नाजूक. हे अस्तर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचं. पाण्याच्या वजनानेच ते भिंतींना चिकटून राहतं. पाणी काढलं की ते सुटतं, थंडीत आकसतं, कडक होतं आणि पुन्हा पाणी भरताना कोपऱ्यात फाटतं. शिवाय बाहेरची ओली माती गोठताना फुगते आणि भिंतींना आत ढकलते. टोरांटोत घराचा पाया सुमारे १.२ मीटर खोल नेतात, कारण गोठण तिथवर पोचू शकते. एवढ्या गोठलेल्या मातीला तोंड द्यायला भिंतीच्या आतल्या बाजूने टेकू हवा. तो टेकू म्हणजेच तलावातलं पाणी.

तर पाणी ठेवायचं. मग पुढचा प्रश्न साहजिक आहे. बाहेर उणे वीस अंश असताना हे पाणी गोठून तलाव फोडणार नाही का? बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, हे आपण शाळेतच शिकलोय.

इथे पाण्याचा आळशीपणा कामी येतो. आपल्या ७५,००० लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने उतरायचं, तर त्यातून विजेच्या हिशोबात ८७ युनिट उष्णता बाहेर जावी लागते. सप्टेंबरच्या २० अंशांवरून ४ अंशांपर्यंत यायला सुमारे १,४०० युनिट. महिन्याला दीडशे युनिट वीज वापरणाऱ्या घराला नऊ महिने पुरेल एवढी ही उष्णता झाली. आणि इतकं झाल्यावरही गोठणं सुरू झालेलं नसतं. शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ व्हायला किलोमागे ३३४ किलोज्यूल आणखी काढून घ्यावे लागतात. अख्खा तलाव गोठवायचा तर जवळजवळ सात हजार युनिट. एका हिवाळ्यात एवढी उष्णता आकाशात जात नाही, कारण बर्फ स्वतःच आडवा येतो.

पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशांना. तोपर्यंत वरचं पाणी थंड होत जातं, जड होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं. ४ अंशांच्या खाली उतरलेलं पाणी मात्र हलकं होतं आणि वरच थांबतं. मग तेवढाच पातळ थर शून्याला पोचतो आणि गोठतो. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून तरंगतो, आणि खालच्या पाण्यावर झाकण बसतं. आता उष्णतेला बाहेर पडायचं तर या झाकणातूनच जावं लागतं, आणि झाकण जितकं जाड तितकी तिची वाट लांब. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी १८९० च्या सुमारास ध्रुवीय मोहिमांतून आलेल्या नोंदींवरून याचा नियम मांडला. बर्फाची जाडी थंडीच्या काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट जाडीसाठी चौपट दिवस. सतत उणे पाच अंश राहिले, तर वीस दिवसांत पस्तीस सेंटिमीटर बर्फ व्हावा असं हे गणित सांगतं. प्रत्यक्षात वर साचलेला भुसभुशीत हिम आणखी एक गोधडी घालतो, आणि जाडी त्याहून बरीच कमी भरते. तळाशी मीटरभर पाणी तीन-चार अंशांवर निवांत असतं.

महाबळेश्वरच्या बातम्या वाचणाऱ्यांना यातला अर्धा भाग ओळखीचा वाटेल. दर डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या काठावर आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठल्याचे फोटो छापून येतात. स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटींच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर. हवेचं तापमान मात्र शून्याच्या वर असू शकतं. निरभ्र, वाराहीन रात्री पानं आणि टप आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यांच्याजवळ उष्णतेची शिल्लकच नसते. शेजारीच असलेलं वेण्णा लेकचं पाणी मात्र गोठत नाही, कारण त्याच्याकडे ती शिल्लक अमाप असते. थोडं पाणी गोठतं, पुष्कळ पाणी तग धरतं. परसातल्या तलावाचा सगळा हिवाळा या फरकावर चालतो.

फुगण्याचं म्हणाल, तर मोकळ्या पाण्यावरच्या बर्फाला वर जायला वाट असते. तो थोडा उचलला जातो, इतकंच. त्रास होतो तो आडव्या रेट्याचा. रात्री उणे पंधरा, दुपारी ऊन, असं झालं की दहा मीटर लांब बर्फाचा वरचा थर पाच-सात मिलिमीटर लांबू पाहतो आणि काठाला रेटतो. काँक्रीटची भिंत ते सोसते. काठाच्या टाइल्स आणि स्किमरचं तोंड सोसत नाही. स्किमर म्हणजे पाण्याच्या पातळीवर भिंतीत बसवलेली प्लॅस्टिकची पेटी. पाण्यावर तरंगणारी पानं, किडे तिच्यातून ओढले जातात. म्हणून हिवाळ्याआधी पाण्याची पातळी या तोंडाच्या खाली आणतात. तलाव रिकामा करायचा नाही, पण हातभर उतरवायचा.

खरा धोका या मोठ्या पाण्यात नाही. तो आहे जमिनीखालच्या नळ्यांत, पंपाच्या पोटात, फिल्टरमध्ये आणि हीटरच्या तांब्याच्या बारीक नळ्यांत अडकलेल्या दहा-वीस लिटर पाण्यात. हे पाणी थोडं, चारी बाजूंनी थंडीला उघडं आणि त्याला फुगायला वाट नाही. पाइप फुटतो तो बहुतेक वेळा बर्फ झालेल्या जागी नाहीच. एका ठिकाणी बर्फाचा बोळा बसतो आणि तो वाढत पुढे सरकतो. बोळा आणि पुढची बंद झडप यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी अजून द्रवच असतं, आणि पाणी दाबलं जात नाही. दाब वाढत वाढत शेवटी पाइप, सांधा किंवा पंपाचं कवच फोडतो. भेग इतकी बारीक असते की थंडीत काहीच कळत नाही. मे महिन्यात पंप सुरू केला की अंगणातल्या फरशीखाली ओल येते आणि मग जमीन उकरायची पाळी येते.

या थोड्या पाण्याला बाहेर काढण्याचा जो उद्योग असतो, त्याला तिकडे ‘क्लोजिंग’ म्हणतात. त्याचं एक छोटं अर्थकारणच आहे. सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे लेबर डे, उलटला की तलाव बंद करून देणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या गल्ल्यांतून फिरू लागतात. मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, तलाव उघडायचे आणि लेबर डेनंतर मिटायचे, असं उत्तर अमेरिकेच्या थंड भागातलं साधारण वेळापत्रक. म्हणजे पोहायला जेमतेम साडेतीन महिने. बाकीचे साडेआठ महिने तलाव नुसता सांभाळायचा. एवढा खर्च साडेतीन महिन्यांसाठी कशाला, हा आपल्याला पडणारा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडतो, पण घर विकताना तलाव शोभून दिसतो. जॉन चीव्हर यांची ‘द स्विमर’ ही कथा १९६४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली. तिचा नायक शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तलावांतून पोहत पोहत घरी निघतो. भर उन्हाळ्यात निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत हवेत गारठा आलेला असतो. न्यूयॉर्कजवळच्या उपनगरांतला हा ऋतू किती आखूड आहे, हे माहीत असलेल्या वाचकाला ती कथा वेगळी बोचत असणार.

बंद करण्याचं काम पाहण्यासारखं असतं. आधी पंपाच्या आणि फिल्टरच्या तळाशी असलेली बुचं काढून पाणी सोडतात. मग मोठ्या काँप्रेसरची नळी जोडून पाइपांतून हवा फुंकतात. तलावात पाणी परत येण्याची जी भोकं असतात, त्यांतून आधी पाण्याचा फवारा येतो, मग बुडबुडे, मग नुसता फसफसाट. बुडबुडे येत असतानाच थंड पाण्यात हात घालून त्या भोकात रबरी बूच पिळून बसवायचं. बूच बसवायला उशीर झाला की पाणी परत आत शिरतं. तळाच्या जाळीकडे जाणाऱ्या पाइपाला असं बूच लावता येत नाही, कारण ते दीड-दोन मीटर पाण्याखाली असतं. तिथली युक्ती मला सगळ्यात आवडते. तळातून बुडबुडे वर येईपर्यंत हवा फुंकायची आणि हवा चालू असतानाच पंपाजवळची झडप बंद करायची. आता पाइपात हवा कोंडली जाते. तिला वर जायला वाट नाही, म्हणून खालचं पाणी पाइपात चढू शकत नाही. जे थोडं पाणी अगदी तळाशी राहतं, ते ४ अंशांच्या पाण्याखाली असतं, तिथे बर्फ पोचत नाही. बूच नाही, रसायन नाही, नुसत्या हवेने काम भागतं.

ज्या पाइपांतलं पाणी पूर्ण निघालं याची खात्री नसते, त्यांत गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ ओततात. हे प्रॉपिलिन ग्लायकॉलचं असतं, जे खाद्यपदार्थांतही चालतं. मोटारीच्या रेडिएटरसाठी वापरतात ते इथिलिन ग्लायकॉल इथे चुकूनही नको. ते विषारी असतं, चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांना त्याची ओढ लागते. स्किमरच्या पेटीत एक पोकळ, दबणारी प्लॅस्टिकची बाटली बसवतात. पेटीत पाणी साचून गोठलंच, तर बर्फ बाटलीला चेपतो आणि पेटी वाचते. काटकसरी लोक सोड्याची रिकामी बाटली वापरतात आणि तीही काम करते.

जमिनीवर उभे केलेले गोल तलाव कॅनडात, विशेषतः क्युबेकमध्ये, परसापरसात दिसतात. त्यांच्या भिंती पातळ पत्र्याच्या असतात. त्यात कव्हरखाली मधोमध हवेने फुगवलेली मोठी उशी सोडायची रीत आहे. बर्फ आडवा पसरताना उशीला दाबेल आणि भिंतींवरचा भार कमी होईल, अशी कल्पना. तिचा किती उपयोग होतो याबद्दल जाणत्यांत दोन मतं आहेत. पण उशीमुळे कव्हर मधे उंच राहतं आणि पाणी-पानं कडेला जमतात, एवढा फायदा नक्की.

कव्हरचा विषय थोडा गंभीर आहे. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे, आणि घरचा तलाव त्यात मोठा वाटेकरी असतो. हिवाळ्यात कुणी पोहत नाही म्हणून कुणाचं लक्षही नसतं. नुसतं प्लॅस्टिकचं ताडपत्रीसारखं कव्हर कडेने पाण्याच्या पिशव्या ठेवून दाबलं, तर ते पानं अडवतं, माणूस नाही. उलट पाय पडलेल्या मुलाला ते गुंडाळून घेऊ शकतं. भोवतालच्या फरशीत पितळी खुंट्या ठोकून, पट्ट्यांनी ताणून बसवलेलं सुरक्षा-कव्हर वेगळं. त्याच्यासाठी अमेरिकेत एक ठरलेलं मानक आहे. आठ फुटांहून रुंद तलावावर त्याने ४८५ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलो वजन पेललं पाहिजे. दोन मोठी माणसं आणि एक मूल, असा त्यामागचा हिशोब. जाळीचं कव्हर पावसाचं पाणी खाली जाऊ देतं. एकसंध कव्हर ते अडवतं, मग वर तळं साचतं आणि ते उपसायला लहान पंप ठेवावा लागतो. हे साचलेलं पाणी दिसायला वीतभर असतं, पण लहान मुलाला तेवढं पुरतं. बर्फावर घसरगुंडी खेळण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. तलावाच्या बर्फाखालची पातळी हिवाळ्यात थोडी उतरली, तर बर्फ आणि पाणी यांच्यात पोकळी राहते आणि तो बर्फ वजन घेत नाही. नदी-सरोवरावरच्या बर्फाचे अनुभव इथे लागू पडत नाहीत.

पाणी झाकून ठेवलं म्हणजे काम संपलं असं नाही, कारण त्याची रसायनंही ऋतूप्रमाणे वागणं बदलतात. शेवाळ १५ अंशांच्या खाली फारसं वाढत नाही, म्हणून जाणते लोक पाणी तेवढं थंड होईपर्यंत थांबतात. लेबर डे झाला म्हणून उबदार सप्टेंबरात तलाव झाकून टाकणाऱ्याला वसंतात हिरवा काढा मिळतो. मिठापासून क्लोरीन बनवणारी यंत्रंही थंड पाण्यात काम थांबवतात. एक गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना-संगमरवर ज्याचे बनतात तो पदार्थ, थंड पाण्यात जास्त विरघळतो. १९३६ मध्ये विल्फ्रेड लँगलिअर यांनी शहराच्या नळांतलं पाणी पाइपांवर चुन्याचा थर धरेल की असलेला खाईल, हे सांगणारा निर्देशांक काढला. तोच आज तलावांसाठी वापरतात. २८ अंशांना शून्यावर, म्हणजे समतोल असलेलं पाणी, दुसरं काहीही न बदलता ४ अंशांवर आलं, की या निर्देशांकात अर्ध्याहून अधिक अंकाने खाली जातं. असं पाणी भुकेलं असतं. ते आपली भूक तलावाच्या गिलाव्यावर भागवतं. वसंतात गिलावा हाताला खरखरीत लागतो तो बऱ्याचदा यामुळे. म्हणून बंद करण्याआधी पाण्यात कॅल्शियम आणि अल्कलीपणा थोडा वाढवून ठेवतात. गिलाव्यावर खर्च केलेले हजारो डॉलर वाचवायला दोन पिशव्या पुरतात, पण ते सांगणारा कंत्राटदार मिळावा लागतो.

आतापर्यंत जे सांगितलं ते थंड प्रदेशाचं. तिथे थंडी येणार हे ठरलेलं असतं, म्हणून लोक पाणी काढून, बुचं लावून, वीज बंद करून निर्धास्त होतात. टेक्सास, जॉर्जिया, ॲरिझोना इथे तलाव बारा महिने चालू असतो. थंडीच्या चार रात्रींसाठी तो बंद करणं कुणाला परवडत नाही. तिथली रीत उलटी. हवेचं तापमान सुमारे ३ अंशांवर आलं की एक संवेदक पंप आपोआप सुरू करतो आणि पाणी पाइपांतून फिरत राहतं. वाहतं पाणी गोठत नाही, असं लोक म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. वाहत्या नद्यांवरही बर्फ धरतो. खरं कारण असं, की पंप दर क्षणी त्या ७५,००० लिटरच्या साठ्यातलं आठ-दहा अंशांचं पाणी पाइपांत आणत असतो. तासाला दहा हजार लिटर पाणी फिरलं आणि वाटेत ते एक अंशाने जरी थंड झालं, तरी जवळजवळ बारा किलोवॉटच्या हीटरइतकी ऊब पाइपांना मिळते. मोठं पाणी लहान पाण्याला सांभाळतं. अट एकच: वीज हवी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासची ही अट मोडली. १६ फेब्रुवारीला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंशांवर गेला. वीजकेंद्रं, वायूच्या विहिरी आणि पवनचक्क्या गोठल्या, मागणी शिखरावर गेली, आणि राज्याची वीजयंत्रणा पूर्ण कोसळण्यापासून अवघी चार-पाच मिनिटं दूर होती. ती वाचवण्यासाठी वीज कापली गेली. ४५ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात गेली, काहींची वीज दिवसच्या दिवस आली नाही. सरकारी गणनेनुसार २४६ माणसं मेली. या पार्श्वभूमीवर तलावाच्या पंपाचं दुःख कुणी बोलूनही दाखवलं नाही आणि ते बरोबरच होतं. पण घडलं ते असं: पंप थांबला, पाइपांतलं पाणी जागच्या जागी थांबलं आणि काही तासांत गोठलं. पंपांची कवचं तडकली, फिल्टर फुटले, हीटरच्या नळ्या फाटल्या. ज्यांना माहीत होतं, त्यांनी आधी पंपाचा ब्रेकर पाडला, म्हणजे वीज अचानक परत आली तरी कोरडा पंप सुरू होणार नाही. मग पंपाखालची बुचं काढून पाणी सोडलं. एवढं केलेल्यांचं सामान वाचलं. दहा मिनिटांचं काम. पण उत्तरेत हे पोराटोरांना ठाऊक असतं आणि टेक्सासमध्ये अनेकांनी तोपर्यंत ते बूच कधी पाहिलंही नव्हतं.

याच आठवड्यात तलावाने एक वेगळं काम केलं. नळाचा दाब गेला होता, पाइप फुटले होते. परसातल्या तलावावरचा बर्फ फोडून लोकांनी बादल्या भरल्या आणि त्या पाण्याने संडासाच्या टाक्या भरल्या. मराठवाड्यात दुष्काळात वापरायचं पाणी आणि प्यायचं पाणी वेगळं ठेवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनो या उपनगरांना मात्र हा धडा नवा होता.

पुढचा उन्हाळा तिथल्या तलाववाल्यांना जड गेला. पंप, फिल्टर, हीटर यांची एकदम एवढी मागणी आली की सुटे भाग मिळेनात. महामारीत घरी बसलेल्यांनी नवे तलाव बांधून मागणी आधीच वाढवून ठेवली होती. भरीला लुइझियानातला क्लोरीनच्या गोळ्यांचा एक मोठा कारखाना ऑगस्ट २०२० मध्ये लॉरा चक्रीवादळाच्या दिवशी लागलेल्या आगीत गेला होता. त्यामुळे तलाव दुरुस्त झाला, तरी पाण्यात टाकायला गोळ्या महाग.

हिवाळ्यातही पोहायचंच, असं ठरवणारे थोडे असतात. पाणी २८ अंशांवर, बाहेर हिम, वर वाफेचे ढग. दिसायला राजेशाही. पण ती वाफ म्हणजेच पैसा. उघड्या तलावाची सुमारे सत्तर टक्के उष्णता बाष्पीभवनाने जाते. आपला मातीचा माठ ज्या तत्त्वाने पाणी गार करतो, तेच इथे मालकाच्या विरोधात काम करतं. एक लिटर पाणी उडून जाताना पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता घेऊन जातं. पन्नास चौरस मीटरच्या तलावाची पातळी एका सेंटिमीटरने उतरली, तर पाचशे लिटर पाणी आणि ३४० युनिटांच्या आसपास उष्णता गेली. पोहून झाल्याबरोबर पाण्यावर बुडबुड्यांचं कव्हर पसरलं, तर तापवण्याचा खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो. तापवलेल्या तलावावर कव्हर न घालणं म्हणजे हीटर अंगणासाठी लावणं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वर्षानुवर्षं हे सांगूनही कव्हर गुंडाळायचा कंटाळा जिंकतो.

बाकीच्यांचा तलाव एप्रिलपर्यंत झाकलेलाच राहतो. बर्फ आधी कडेने सुटतो, कारण काँक्रीट ऊन शोषून लवकर तापतं. पाणी १५ अंशांना पोचायच्या आत कव्हर काढलं तर बरं, नाहीतर शेवाळ तुमच्या आधी उठतं. पानं कुजून पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं, एखाद-दुसरा बेडूक आत सापडतो. कव्हर ओढण्याआधी त्याच्यावरचं पाणी आणि पानं काढायची, नाहीतर हिवाळाभर बाहेर ठेवलेलं सगळं एका झटक्यात आत जातं. मग पातळी स्किमरच्या अर्ध्या तोंडापर्यंत वाढवायची, रबरी बुचं पिळून काढायची, झडपा उघडायच्या. पंप सुरू करण्याआधी त्याचं झाकण काढून आतली जाळी बघायची. शरदात पंपाच्या आणि फिल्टरच्या तळातून काढलेली बुचं बहुतेक कामगार तिथेच टाकून ठेवतात, म्हणजे ती हरवत नाहीत आणि ती परत लावल्याशिवाय पंप चालू करायचा नाही हेही आपोआप आठवतं.